गळ टाकण्याआधी: टेक्ससमध्ये मासेमारीचं आणि शिकारीचं लायसन्स फोनवर कसं काढायचं, कसं बाळगायचं

टेक्सस सिटी डाइक म्हणजे गॅल्व्हस्टनच्या उपसागरात पाचेक मैल आत गेलेला बांध. ह्यूस्टनहून तासाभरात पोचता येतं, गाडी थेट पाण्याच्या काठाला लावता येते आणि वाटेतल्या दुकानात आमिषाला गोठवलेली कोळंबी मिळते. माझे बाबा मालवणचे. ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मी त्यांना तिथे गरवायला नेलं. तासाभरात त्यांनी दोन शेंगट्या काढल्या. इथले लोक तिला हार्डहेड म्हणतात आणि नाक मुरडून परत पाण्यात टाकतात, पण बाबांची कळी खुलली होती. तेवढ्यात मागे गेम वॉर्डन, म्हणजे शिकार-मासेमारीचे नियम पाळले जातात का ते बघणारा अधिकारी, येऊन उभा राहिला.

माझं लायसन्स फोनमध्ये होतं. बॅटरी चार टक्के, ॲपने नेमकं तेव्हाच लॉगिन मागितलं आणि पासवर्ड आठवेना. हाताला कोळंबीचा चिकटा, त्यामुळे बोटाचा ठसाही फोन ओळखेना. कसंबसं एकदाचं दाखवलं, तर वॉर्डन शांतपणे म्हणाला, “आणि यांचं?” दुसरा रॉड बाबांच्या हातात होता. बाबा मला विचारत होते, “मासे गरवूक परवानो? कसलो?”

ताकीद देऊन त्यानं सोडलं. सोडायलाच हवं असं काही नव्हतं. विनापरवाना मासेमारीला इथे २५ ते ५०० डॉलर दंड आहे. त्या रात्री बसून मी नियम वाचून काढले आणि तेव्हापासून ओळखीतलं कुणी पहिल्यांदा गळ घेतं तेव्हा फोन मला येतो. त्या फोनवर जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितो आहे. टेक्ससबद्दलच लिहितो, कारण तेच मला पाठ आहे. बाकीच्या राज्यांचं शेवटी थोडंसं.

लायसन्स कुणाला लागतं

वय १७ किंवा जास्त असेल आणि टेक्ससच्या सार्वजनिक पाण्यात मासे धरायचे असतील तर लायसन्स हवंच. “आम्ही पकडून परत सोडतो”, “आम्ही खात नाही”, “सहज उभा होतो” यातलं काहीही चालत नाही. रॉड ज्याच्या हातात, लायसन्स त्याचं. सतराच्या आतल्या मुलांना लागत नाही, पण मुलाच्या नावावर रॉड आणि गळ फेकतोय बाप, असं असेल तर बापाचं लागतं. म्हाताऱ्यांना सूट आहे ती टेक्ससच्या रहिवाशांना आणि तीही १ जानेवारी १९३१ च्या आधी जन्मलेल्यांनाच. आपल्या आईबाबांचा त्यात नंबर लागत नाही.

विनालायसन्स गरवायच्या दोन जागा मात्र आहेत आणि नवख्या माणसाला मी आधी तिथेच पाठवतो. एक, टेक्ससची स्टेट पार्कं. पार्कच्या हद्दीत काठावरून किंवा तिथल्या धक्क्यावरून मासेमारी करायला लायसन्स लागत नाही. प्रवेशशुल्क भरा आणि बसा. मापाचे आणि संख्येचे नियम तिथेही लागू असतात. दोन, जून महिन्याचा पहिला शनिवार. त्या दिवशी राज्यभर कुठल्याही सार्वजनिक पाण्यात मासेमारी खुली असते. छंद जमतोय का हे कळायला एवढं पुरतं. घरात रॉड धूळ खात पडलेली चार कुटुंबं मी ओळखतो, म्हणून सांगतो.

विकत कुठून घ्यायचं

लायसन्स देतं टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ हे राज्याचं खातं. घ्यायच्या वाटा तीन: त्यांच्या संकेतस्थळावरून, फोन करून, किंवा खेळाच्या सामानाची मोठी दुकानं आणि काही किराणा दुकानं यांच्या काउंटरवर. ऑनलाइन घेतलं की वर ५ डॉलर प्रशासकीय शुल्क पडतं. काउंटरवर ते पडत नाही, पण १ सप्टेंबरच्या आदल्या संध्याकाळी तिथली रांग बघाल तर पाच डॉलर खुशीनं द्याल. १ सप्टेंबरला राज्याच्या मोठ्या भागात डव्हच्या, म्हणजे होल्यांच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि सगळ्यांना त्याच संध्याकाळी आठवण होते.

सर्च इंजिनवर “टेक्सस फिशिंग लायसन्स” टाकून वरचा पहिला दुवा दाबू नका. तो बहुतेक वेळा जाहिरात असतो. माझ्या एका मित्रानं असाच फॉर्म भरला, कार्डाचा नंबर दिला आणि त्याला ईमेलनं आली एक पीडीएफ: “लायसन्स कसं काढावं याची मार्गदर्शिका”. पैसे गेले, लायसन्स नाही, वर जन्मतारीख आणि पत्ता भलत्याच्या हातात. नीट वाचलं तर पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आमचा सरकारशी संबंध नाही.

मग ओळखायचं कसं? “शेवटी डॉट गव्ह असेल तरच खरं” हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. बऱ्याच राज्यांनी विक्रीचं काम कंत्राटदाराला दिलंय आणि त्या पानाचा पत्ता डॉट कॉमवर संपतो. फ्लोरिडाचं अधिकृत विक्रीचं पान तसंच आहे. म्हणून सुरुवात खात्याच्या स्वतःच्या डॉट गव्ह पानावरून करायची आणि तिथे ‘लायसन्स विकत घ्या’चं बटण जिथे नेईल तिथेच पैसे भरायचे. ॲप उतरवतानाही तेच: खात्याच्या पानावर दिलेल्या दुव्यावरून उतरवा.

फॉर्ममध्ये चुकतात त्या जागा

फॉर्म दहा मिनिटांचा आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता, उंची, डोळ्यांचा रंग. ओळखीसाठी ड्रायव्हिंग लायसन्स जवळ ठेवा आणि नाव त्यावर आहे तसंच लिहा. आपल्याकडे वडलांचं नाव कधी मधलं नाव होतं, कधी आडनावाला चिकटतं. एकदा एका पद्धतीनं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या पद्धतीनं भरलंत तर तुमची दोन खाती होतात आणि जुनं लायसन्स नव्या खात्यात दिसत नाही. पहिल्या खरेदीत मिळालेला कस्टमर नंबर लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या खरेदीत तोच वापरायचा.

सोशल सिक्युरिटी नंबर मागतात तेव्हा लोक बिचकतात. मासे धरायला हा कशाला? केंद्राच्या कायद्यानं करमणुकीच्या परवान्यांसाठीही तो नोंदवायचा असतो, मुलांच्या पोटगीची थकबाकी वसूल करता यावी म्हणून. एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीच्या व्हिसामागून, आलेल्यांकडे किंवा पाहुण्यांकडे तो नसतो. त्यांनी ऑनलाइन झटापट न करता पासपोर्ट घेऊन काउंटरवर जावं.

सगळ्यात महागात पडणारा प्रश्न मात्र रेसिडेंट की नॉन-रेसिडेंट. इथे व्हिसा कुठला, ग्रीन कार्ड आहे की नाही, याला महत्त्व नाही. टेक्ससमध्ये सलग सहा महिन्यांहून जास्त राहत असाल तर तुम्ही रेसिडेंट. न्यू जर्सीहून मागच्याच महिन्यात डॅलसला बदली होऊन आलात, घर घेतलंत, टेक्ससचं ड्रायव्हिंग लायसन्सही काढलंत, तरी सहा महिने भरेपर्यंत नॉन-रेसिडेंटच. ‘रेसिडेंट’वर टिचकी मारली तर फॉर्म अडवत नाही, आणि गोम तिथेच आहे. पंचवीस-तीस डॉलर वाचवायला खोटं विधान करू नका. तोवर एकेक दिवसाचं लायसन्स घ्या.

कुठलं पॅकेज घ्यायचं

टेक्ससचं लायसन्सचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं चालतं. नव्या वर्षाची विक्री ऑगस्टच्या मध्याला सुरू होते. रेसिडेंटसाठी दर असे: गोड्या पाण्याचं ३० डॉलर, खाऱ्या पाण्याचं ३५, दोन्हीचं ४०. एका दिवसाचं, दोन्ही पाण्यांचं, ११. शिकारीचं लायसन्स वेगळं, २५ डॉलर. शिकार, दोन्ही पाण्यांची मासेमारी आणि राज्याचे जोडपरवाने मिळून होतं ‘सुपर कॉम्बो’, ६८ डॉलर.

तळ्यावरच जाणारा माणूस ३० चं घेतो आणि मग जुलैत कुणीतरी गॅल्व्हस्टनला नेतं. दहा डॉलर जास्त टाकून दोन्हीचं घ्या, असं मी सरळ सांगतो.

मे-जूनमध्ये सुरुवात करणाऱ्यांचा घोळ वेगळाच. जूनमध्ये ४० डॉलर भरले आणि ३१ ऑगस्टला लायसन्स संपलं, असं होतं. त्यासाठी ४७ डॉलरचं एक पॅकेज आहे, फक्त रेसिडेंटसाठी: खरेदीच्या दिवसापासून पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या अखेरपर्यंत, दोन्ही पाण्यांना चालतं. १० जूनला घेतलंत तर पुढच्या ३० जूनपर्यंत. यादीत ते खाली दडलेलं असतं, शोधून काढा.

डॅलसकरांसाठी आणखी एक. लेक टेक्सोमा टेक्सस आणि ओक्लाहोमाच्या सीमेवर आहे आणि बोट कधी पलीकडे गेली हे कळतही नाही. तिथलं वेगळं १२ डॉलरचं लायसन्स दोन्ही बाजूंना चालतं. ते ३१ डिसेंबरला संपतं, ऑगस्टला नाही. नोव्हेंबरात घेऊन दीड महिन्यात संपलं म्हणून कुरकुरणारे मी ऐकलेत.

कागद की डिजिटल

खरेदीच्या वेळी हा पर्याय विचारतात आणि लोक विचार न करता डिजिटल निवडतात. २०२२ साली टेक्ससनं पहिल्यांदा पूर्ण डिजिटल सुपर कॉम्बो आणलं, मग इतर वार्षिक लायसन्सांनाही ती सोय आली. डिजिटल निवडलंत की छापील लायसन्स आणि त्याला जोडलेले छापील टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला बांधायच्या चिठ्ठ्या, येत नाहीत. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

फक्त तळ्यावर कॅटफिश आणि बास धरणाऱ्याला यानं काडीचा फरक पडत नाही, डिजिटल घ्या. फरक पडतो टॅग लागणाऱ्या प्राण्यांना: हरीण, टर्की आणि समुद्रात २८ इंचांहून मोठा रेड ड्रम मासा. कागदी पद्धतीत टॅगवर तारीख खोचून तो जनावराला बांधला की झालं. डिजिटलमध्ये तेच काम फोनवर करावं लागतं, रक्तानं किंवा चिखलानं माखलेल्या हातांनी, पहाटेच्या थंडीत. शिकारीला जाणाऱ्यांना मी अजून कागदच सुचवतो. जुनाट वाटलं तरी चालेल.

बाळगायचं कसं

घरून निघण्याआधी, वायफाय असताना, हे करा.

‘टेक्सस हंट अँड फिश’ ॲप उतरवून खात्यात लॉगिन करा आणि लायसन्स प्रत्यक्ष दिसतंय का ते बघा. मग फोन एअरप्लेन मोडमध्ये टाकून ॲप पुन्हा उघडा. तरीही दिसतंय? तर काठावर रेंज नसली तरी दिसेल. ही एक मिनिटाची तपासणी मी केली असती तर डाइकवरचा तमाशा टळला असता.

‘आउटडोअर ॲन्युअल’ हे दुसरं ॲपही घ्या. त्यात नियम असतात आणि ते इंटरनेटशिवाय चालतं. माप विसरलं की तिथे बघायचं. टॅगशिवाय रेड ड्रम २० ते २८ इंचांतलाच ठेवता येतो, दिवसाला तीन. लार्जमाउथ बास बहुतेक तळ्यांत किमान १४ इंच, दिवसाला पाच. पण काही तळ्यांचे नियम वेगळे असतात, म्हणून तळ्याचं नाव टाकून बघा.

पावतीचा ईमेल शोधून पीडीएफ फोनमध्येच उतरवून ठेवा. तिची एक छापील प्रत काढा, झिपलॉक पिशवीत घाला आणि गळांच्या डब्याच्या झाकणात ठेवून द्या. डिजिटल लायसन्सचा छापील कागद बाळगायचा म्हणजे उफराटं वाटतं खरं, पण फोन पाण्यात पडतो. माझा पडलाय. आणि १७ वर्षांवरच्या प्रत्येकाकडे ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र असावं लागतं. नुसतं मासेमारीचं लायसन्स दाखवून भागत नाही. ते मात्र गाडीत विसरतं.

वॉर्डनला फोन दाखवताना तो हातात द्यायचीही वेळ येऊ शकते. आयफोनमध्ये गाइडेड ॲक्सेस आणि अँड्रॉइडमध्ये ॲप पिनिंग चालू केलं की तेवढाच पडदा उघडा राहतो, बाकी फोन बंद. टेक्ससचे गेम वॉर्डन म्हणजे पूर्ण अधिकार असलेले पोलीस अधिकारी. बहुतेक वेळा ते गप्पिष्ट असतात, “काही लागतंय का?” विचारतात आणि कूलर उघडायला सांगतात. रॉड खाली ठेवा, खिशात हात घालण्याआधी “लायसन्स काढतोय” असं सांगा, आणि मासे मोजायची पट्टी जवळ असू द्या.

डिजिटल टॅग

मोठा रेड ड्रम लागला आणि ठेवायचा असेल तर जागच्या जागी, लगेच, ॲपमध्ये नोंद करायची. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये साठते आणि रेंज आली की वर जाते. याच्या पुढची पायरी लोक गाळतात: एका कागदावर आपलं नाव, कस्टमर नंबर, तारीख, वेळ आणि ॲपनं दिलेला नंबर लिहून तो कागद माशाला किंवा हरणाला बांधायचा. म्हणजे डिजिटल लायसन्सवाल्यानंही पेन, दोरा आणि पाण्यात न विरघळणारा कागद जवळ ठेवायचा. मी जुन्या कुरियरच्या प्लॅस्टिक पाकिटाचे तुकडे आणि मार्कर पेन वापरतो.

शिकार, बंदूक आणि व्हिसा

आपण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या देशातून आलेलो. शिकार म्हणजे गुन्हा हे अंगात भिनलेलं. इथे ऑफिसातला सहकारी “नोव्हेंबरात रँचवर चल” म्हणतो तेव्हा लायसन्सचा विचार आपल्याला सगळ्यात शेवटी सुचतो. तो आधी करावा.

२ सप्टेंबर १९७१ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम करावा लागतो. त्या तारखेला जन्मलेलेही त्यात आले. १७ वर्षांवरच्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. वेळ नसेल तर १० डॉलर भरून आयुष्यात एकदाच त्या हंगामापुरती सवलत मिळते, पण मग लायसन्स असलेला अनुभवी माणूस बरोबर हवा. होल्यांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांसाठी खरेदीच्या वेळी मागच्या वर्षीच्या शिकारीबद्दल चार प्रश्न विचारतात. “नाही, नाही” करत ते ओलांडू नका, ती नोंद लायसन्सवर लागते. बदकांसाठी १६ वर्षांवरच्यांना केंद्राचा २५ डॉलरचा डक स्टॅम्प वेगळा घ्यावा लागतो, सुपर कॉम्बोत तो नसतो. १९३४ पासून चालू असलेलं हे तिकीट आता इलेक्ट्रॉनिक स्वरूपात पूर्ण हंगाम चालतं. आधी ४५ दिवसांत कागदी तिकीट पोस्टानं यायची वाट बघावी लागे. आणि लायसन्स घेतलं म्हणजे जागा मिळाली असं नाही. टेक्ससची बहुतांश जमीन खासगी आहे; ओळखीचा रँचवाला नसेल तर ४८ डॉलरचा वार्षिक पब्लिक हंटिंग परमिट बघा.

एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर असाल तर पुढचा भाग दोनदा वाचा. केंद्राच्या कायद्यानुसार नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच मनाई आहे. तिला जे थोडे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा एक: कुठल्याही राज्यानं रीतसर दिलेलं, मुदतीतलं शिकारीचं लायसन्स. म्हणजे अमेरिकन सहकाऱ्याच्या दृष्टीनं जो २५ डॉलरचा कागद, तो तुमच्या दृष्टीनं गुन्हा आणि गंमत यांच्यातली रेघ.

यात एक सापळा आहे. २०१९ पासून टेक्ससमध्ये खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीनं, रानडुकरं मारायला शिकारीचं लायसन्स लागत नाही. सहकारी अगदी खरं सांगतो, “डुकरांना लायसन्स नको रे.” त्याला नको. तुम्ही लायसन्सशिवाय त्याची रायफल हातात घेतलीत तर राज्याचा नियम मोडत नाही, केंद्राचा मोडतो, आणि त्याचा परिणाम ग्रीन कार्डाच्या अर्जापर्यंत जाऊ शकतो. म्हणून लायसन्स आधी, रँच नंतर. ३१ ऑगस्टची तारीख कॅलेंडरमध्ये घालून ठेवा, आणि स्वतःची बंदूक घेण्याचा विचार असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

दुसऱ्या राज्यात गेलात तर

टेक्ससचं लायसन्स टेक्ससपुरतं. कॅलिफोर्नियात १६ व्या वर्षापासून लागतं आणि २०२३ पासून ते खरेदीपासून ३६५ दिवस चालतं. समुद्रावरच्या सार्वजनिक धक्क्यावरून मात्र तिथे लायसन्स लागत नाही. ते अंगवळणी पडलेली बे एरियातली मंडळी गॅल्व्हस्टनच्या धक्क्यावर फसतात, कारण टेक्ससमध्ये तशी सूट नाही. फोनवरचं लायसन्स चालतं का, हेही प्रत्येक राज्याचं वेगळं असतं. प्रवासात कागद ठेवाच. एका राज्यात लायसन्स निलंबित झालं तर जवळजवळ सगळी राज्यं आपापसातल्या करारानं ते मानतात, आणि बेकायदा धरलेला मासा सीमेपलीकडे नेला तर १९०० सालचा लेसी कायदा लागतो, म्हणजे मामला केंद्राकडे.

आईबाबा आलेत

बहुतेक फोन याचसाठी येतात. पर्यटक व्हिसावर आलेले आईबाबा नॉन-रेसिडेंट. एका दिवसाचं लायसन्स १६ डॉलर. त्यांचा पासपोर्ट घेऊन आदल्या दिवशीच दुकानात जा. सकाळी सहाला काउंटर उघडं नसतं. तारीख नीट सांगा, जायचं त्या दिवसाची. त्यांच्यासाठी कागदीच घ्या आणि बरोबर ओळखपत्र म्हणून पासपोर्ट असू द्या, तोही पिशवीत बंद करून.

पुढच्या खेपेला बाबांचं लायसन्स असंच काढलं. काउंटरवरच्या मुलीनं डोळ्यांचा रंग विचारला, मी “ब्राउन” म्हणालो, आणि बाबांनी चष्मा काढून तिला दाखवले.

किती दिवस जाणार याचा हिशेब आधी करा. तीन दिवसांचे ४८ होतात, चारचे ६४, पाचचे ८०. नॉन-रेसिडेंटचं वार्षिक लायसन्स गोड्या पाण्याला ५८ आहे आणि दोन्हीला ६८. तळ्यावर चार दिवस किंवा समुद्रावर पाच दिवस जाणार असाल तर वार्षिकच घ्या. फक्त आईबाबा जुलैत येऊन ऑक्टोबरपर्यंत राहणार असतील तर मध्ये ३१ ऑगस्ट येतो, तेव्हा सप्टेंबरनंतरचे दिवस वेगळे धरा.